पावती

बोरा बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर आमचं दुकान.
खाली दिवसभर कोर्टाचे कागद निघतात,
वर मी काजं करते. हाताने.
डावरी आहे. शेवटचा आडवा टाका
माझा कायम उलट्या अंगाने बसतो.
बाबा म्हणायचे, ती तुझी सही, उसवू नकोस.

ते वर्ष मला दिवाळीवरून आठवतं,
त्या दिवाळीत आईचं एकही डायलिसिस चुकलं नाही.
साळुंखे म्हणून एक गृहस्थ आले.
बूट साधे, चाल साधी नाही.
बावीस शर्ट. शेवाळी हिरवे.
मापं चिठ्ठीवर: छाती अडतीस, बाही चोवीस,
नावांच्या जागी आकडे.
लेबल नको. पावती नको.
शिवून झाले की मिठाच्या पाण्यात तीनदा उकळा,
कोपरं दगडावर घासा,
दोन-चार खिशांना मुद्दाम ठिगळं लावा.
कशासाठी, बाबांनी विचारलं.
"नाटक आहे."
बाबा नाटकवेडे. प्रयोग कुठे, म्हणाले.
"लांबचा दौरा. तिथे पडदा नसतो."

समोर सहा, खिशांना दोन, मनगटांना दोन.
नऊ रात्रींत दोनशे वीस काजं.

परवा जिना चढून एक बाई आली.
ब्लाउजची बाही उसवलेली, उद्या हायकोर्टात तारीख.
नाव जुरी पुंगाटी, गाव कोरमेटा.
चपला बाहेर काढून मशीनपाशी टेकली
आणि जपून, एकेक शब्द निवडत, बोलू लागली.
माझ्याशी नाही. मशीनशी, बहुतेक.

रात्री आले. कपडे दादालोकांचे, सलाम पण तोच.
भात मागितला.
बंदूकवाल्याला कोण नाही म्हणतं?
सासऱ्याने कोंबडा कापला.
एकाने बूट काढले, आत मोजे पांढरेशुभ्र.
तेव्हाच कळायला पाहिजे होतं, ती म्हणाली.
जेवले. हात धुतले. मग वही काढून
वाढणाऱ्यांची नावं विचारली.
पहाटे ओढ्यापाशी सात जण.
तिचा नवरा पाचवा.

महिन्याभराने खरे आले.
त्यांना भात का दिलात, म्हणाले.
आणखी दोघं.

"आता आमच्याकडे पाहुणा आला
तर आधी त्याचे पाय बघतात.
लग्नातसुद्धा."

मग तिने पिशवीतली पिशवी, तिच्यातली पिशवी उघडली.
खिशाचं झाकण, नवऱ्याच्या मुठीत सापडलेलं.
मिठाने विटलेलं शेवाळी.
कापड तिन्ही बाजूंनी फाटलेलं. काज शाबूत.
आडवा टाका उलट्या अंगाने.

चांगलं काम म्हणजे काय, बाबा सांगायचे:
शर्ट जाईल, काज जाणार नाही.

दिव्याखाली धरलं. परत दिलं.
बॉबिन भरलेली होती, तरी बदलली.

बाही झाली. तिने वीसची नोट काढली.
राहू द्या, म्हटलं.
"नाही. घ्या. आणि पावती द्या.
वकील म्हणालेत, मुंबईत जे कराल
त्याची पावती ठेवा."

पावतीपुस्तक गल्ल्याखाली, कार्बन वाळलेला.
दुकानाचं नाव, पत्ता छापील.
तारीख घातली. बाही दुरुस्ती, रुपये वीस.
खाली एक ओळ मोकळी.
ती हात पुढे करून उभी.
झेरॉक्सचा हिरवा उजेड जिन्यात
जात होता, येत होता.
पेन डाव्या हातात.

शर्ट, मी लिहिलं. बावीस.